झाडांना ‘नाही’ म्हणणाऱ्या खिल्लारे मॅडम

खिल्लारे मॅडमना मी प्रथम पाहिले तेव्हा त्यांच्या हातात लोखंडी सळईची एक चौकट होती, आणि बघता बघता ती त्यांनी आमच्या दिशेने भिरकावली. चौकट कार्यालयासमोरच्या हिरवळीवर, माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर येऊन पडली. मी दचकून मागे सरलो. बाईंनी माफी मागितली नाही. "बसा," एवढेच त्या म्हणाल्या.

तो आमच्या जैवविविधता समितीच्या पहिल्या बैठकीचा दिवस होता. प्रत्येक स्थानिक संस्थेत अशी एक समिती असावी असा नियम आहे. सेवानिवृत्त मुख्याध्यापक, विज्ञानाचा शिक्षक आणि गावोगावी झाडे लावणारा माणूस म्हणून तिच्यात माझी नेमणूक झाली होती. वर सभागृहात चहा-बिस्किटे मांडलेली होती, आणि नुकत्याच रुजू झालेल्या या बाई आम्हा सर्वांना खाली उन्हात घेऊन आल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले दोन सदस्य बसावे की नाही या विचारात अर्धवट वाकून राहिले. मी मात्र बसलो. आयुष्यभर मुलांना ‘खाली बसा’ म्हणत आलेल्या माणसाला कोणी त्याच सुरात आज्ञा केली, की त्याचे गुडघे आपोआप वाकतात.

"सर, या चौकटीत काय काय हाय, सांगा."

"हरळी," मी म्हणालो.

"अजून?"

मी चष्मा नीट केला. "बाकी गवत आहे."

"गवत म्हंजे? शाळेत हजेरी घेत होते तवा काय लिवत होते तुमी? ‘पोरं हजर’ असं लिवत होते काय?"

सदस्य मोठ्याने हसले. अर्धवट वाकलेले दोघेही हसले. मी उठलो, धोतराला लागलेली माती झटकली आणि चहाला न थांबता घरी गेलो. त्या क्षणापासून मला त्या बाई आवडल्या नाहीत. हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण कोणी कोणाचे व्यक्तिचित्र लिहायला घेतले की लेखकाचे त्या व्यक्तीवर प्रेम असणार, असे वाचक गृहीत धरतो. येथे तसे गृहीत धरू नये.

त्यांच्या पदाचे नाव परिसरशास्त्रज्ञ असे होते. या शब्दाचा अर्थ थोडा समजावून सांगायला हवा. एखाद्या जागी कोणती वनस्पती उगवते, कोणता प्राणी तेथे राहतो, ते एकमेकांवर कसे अवलंबून असतात आणि त्यांतले एक काढून घेतले तर बाकीच्यांचे काय होते, याचा अभ्यास करणारा माणूस म्हणजे परिसरशास्त्रज्ञ. रस्ते, नाल्या, दिवे आणि शाळाखोल्या यांचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयात असा माणूस कशाला, हे कोणालाच नीट उमगले नव्हते. म्हणून त्यांना टेबल मिळाले ते दुसऱ्या मजल्याच्या बोळीत, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण एखादा टोमणा तेथे ठेवून जाई. "मॅडम, आमच्या घरामागं लय गवत वाढलं, पाहाले येता काय?" हा त्यांतला सर्वांत सौम्य. त्यांची नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची होती. करार संपला की कार्यालयप्रमुख असलेल्या साहेबांच्या शिफारशीवर पुढचा.

मॅडम मूळच्या रिसोडच्या. वडील तेथल्या धान्यबाजारात मापारी होते. विद्यापीठात संशोधन करून पदवी घेतलेली ही बाई इच्छा असती तर माझ्याइतकीच शुद्ध मराठी बोलू शकली असती. त्यांचे लेखी अहवाल मी वाचले आहेत, त्यांत बोट ठेवायला जागा नसे. पण बोलताना त्या वऱ्हाडीच बोलत, अगदी साहेबांच्या समोरसुद्धा. मी एकदा त्यांना सुचवले, की पदाला शोभेल अशी भाषा असावी. त्या म्हणाल्या, "सर, पुस्तकी मराठीत भांडन जमत नाही. अन् मले दिवसभर भांडाच लागते."

ते खरे होते. भांडण हे त्यांचे निम्मे काम होते, आणि त्याची सुरुवात बहुधा एकाच प्रश्नाने होई: "मोजलं काय?" कोणी म्हणाले, यंदा चिमण्या कमी झाल्या, बाई विचारत, मोजलं काय? कोणी म्हणाले, तलावातला गाळ वाढला, मोजलं काय? एकदा त्यांनी शिपायाला चहा फार गोड झाला म्हणून सुनावले, तेव्हा तो थर्मास खाली ठेवून म्हणाला, "मोजलं काय मॅडम?" बाईंनी पेला त्याच्या हातात दिला आणि किंचित हसून म्हणाल्या, "नाही मोजलं. तूच पिऊन सांग." आमच्यापैकी कोणी त्यांना हसताना पाहिले, असे म्हणता येईल तो बहुधा हा एकच प्रसंग.

आमच्या खऱ्या वैराचे कारण एक माळ होता. मेडशीहून आत जाणाऱ्या रस्त्यावरचे ते गाव; त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तेथे माझी अजून ये-जा आहे. गावाच्या उत्तरेला सरकारी चराईची मोठी जमीन आहे. आमच्याकडे अशा जमिनीला ई-क्लास म्हणतात. वर्षातले आठ महिने ती पिवळी आणि उघडी दिसते. मध्ये चार बोरी, दोन हिवर आणि बाकी मुरूम. मी नोकरीत असताना त्या गावच्या शाळेत होतो. माळाच्या कडेने, रस्त्यालगत मुलांकडून कडुनिंबांची रांग लावून घेतली होती आणि उन्हाळ्यात टँकर मागवून ती जगवली होती. निवृत्तीनंतर माझ्या मनाने घेतले, की सगळा माळच हिरवा करावा. मी घनवनाचा प्रस्ताव तयार केला. घनवन म्हणजे अनेक जातींची झाडे अगदी जवळजवळ लावून, तारेचे कुंपण घालून वाढवलेले दाट जंगल. साहेबांना प्रस्ताव आवडला, समितीला आवडला, सरपंच दिगांबरभाऊंना तर इतका आवडला, की त्यांनी उद्घाटनाचा फलक कोठे लावायचा ती जागाही ठरवून टाकली. राहिला होता तो परिसरशास्त्रज्ञांचा अभिप्राय.

बाई म्हणाल्या, "आधी पाहीन. मंग लिवीन."

आम्ही दोघे एकाच एस.टी.ने गेलो आणि वेगवेगळ्या बाकांवर बसलो. फाट्यावर उतरल्यावर त्यांनी प्रथम माझे कडुनिंब पाहिले. मला वाटले, आता तरी एखादा बरा शब्द ऐकायला मिळेल. त्यांनी एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला, पानांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सलाईनवरचे पेशंट हाय सर हे. पन रस्त्याच्या कडेले लावले, हे बराबर केलं. मानसं सावलीले बसतात." त्यांच्या तोंडून माझ्या वाट्याला आलेली स्तुती ती एवढी, आणि तीही आजाऱ्याच्या उपमेसकट.

माळावर त्यांनी चौकट टाकायला सुरुवात केली. टाकायची, वाकायचे, एकेक काडी बोटांनी वेगळी करायची, पुढे जायचे. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी अशी नावे त्या पुटपुटत होत्या, आणि मला हे मान्य केले पाहिजे, की प्रत्येक नावाची काडी दुसऱ्यापेक्षा खरोखरच वेगळी होती. एका जागी त्यांनी मला हाताने थांबवले. दगडाच्या आडोशाला, उघड्या जमिनीवर चंडोलाचे घरटे होते. वाटीएवढा खळगा, त्यात मातीच्याच रंगाची अंडी. मी आणखी एक पाऊल टाकले असते तर ती दिसलीही नसती आणि उरलीही नसती.

"याले झाड नाही लागत," बाई म्हणाल्या. "झाड आलं का त्याच्यावर कावळा बसते. कावळा बसला का हे अंडे गेले. उघडं हाय म्हनून वाचते हे पाखरू. तुमाले उघडं म्हंजे ओसाड वाटते, त्याले उघडं म्हंजे घर."

मी म्हणालो, "मॅडम, या जिल्ह्यातल्या माणसांनाही घर आहे, आणि उन्हाळ्यात त्या घरांवरून जो वारा वाहतो तो याच उघड्या माळावरून तापून येतो. चार पाखरांसाठी गावाने भाजून निघावे काय?"

"वारा इथूनच तापून येते, हे मोजलं काय?"

"झाडे लावल्यावर गवत मरते, हे तुम्ही तरी मोजले आहे काय?"

"दुसऱ्या माळावर मोजलं. विद्यापीठाच्या कामात. कागद देतो तुमाले."

त्यांनी खरोखरच कागद दिले. मी ते शिक्षकाच्या नजरेने, चूक शोधण्यासाठी वाचले. मला त्यात चूक सापडली नाही, आणि माझे मतही बदलले नाही. दुसऱ्या माळावर घडलेले या माळावर घडेलच असे नाही, असे मी समासात लिहून कागद परत केले. बाईंनी माझ्या शेऱ्याखाली लिहिले, ‘बरोबर. म्हणून तर आधी पाहू द्या.’

वाचकाला वाटेल, की निदान माळावर जनावरे चारणारी माणसे तरी त्यांच्या बाजूने असतील. तीही नव्हती. त्या दिवशी किसनराव नावाचे धनगर मेंढ्या घेऊन तेथेच होते. झाडे आली की कुंपण येणार आणि चराई बंद होणार, हे त्यांना ठाऊक होते. ते हात जोडून पुढे आले. बाईंनी त्यांच्या नमस्काराचा स्वीकार करण्याआधीच विचारले, "पावसाळ्यात काहून चारता इथं? बी पडू देत नाही तुमी गवताचं. कुसळ पिकेस्तोवर मेंढ्या बाहीर ठेवा."

"मंग चार महिने काय माह्या डोक्यावर चारू काय बाई?"

"ते मले नका विचारू. गवत काय म्हनते ते मी सांगतलं."

"गवत बोलून राह्यलं आता," किसनराव माझ्याकडे वळून म्हणाले. "सर, तुमच्या झाडाईनं मेंढ्या उपाशी मरतीन, अन् या बाईच्या गवतानंबी मरतीन. तुमी दोघं एकाच गाडीनं आले काय?"

परतीच्या एस.टी.त बाईंनी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हटले, "बराबर बोलला तो." पण सूचना मागे घेतली नाही.

अभिप्राय लिहिण्याची वेळ जवळ आली तेव्हा साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून घेतले. साहेब स्वभावाने गोड होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या कराराची मुदत संपत आली आहे. पुढच्या कराराची शिफारस मी लिहूनच ठेवली आहे. घनवनाचा अनुकूल अभिप्राय आला, की दोन्ही फाइली एकदमच वर पाठवतो."

बाई म्हणाल्या, "साहेब, बैल अन् रेडा एका जुवाले जुपू नका. दोघायचीबी चाल बिघडते."

"म्हणजे?"

"म्हंजे अभिप्राय माळाचा हाय. तो माळ पाहून लिवला. तिथं झाडं लावू नये. करार तुमाले द्याचा तं द्या, नाही तं ठेवा."

साहेबांचा गोडवा तेथे संपला. ते म्हणाले, की परिसरशास्त्रज्ञाने झाडांना विरोध करणे म्हणजे डॉक्टरने औषधाला विरोध करण्यासारखे आहे. बाई म्हणाल्या, चुकीच्या रोग्याला दिलेल्या औषधाला डॉक्टरनेच विरोध करायचा असतो. मी मध्ये पडलो नाही. शेवटी साहेबांनी निर्णय दिला: जमीन गावाची आहे, तर गावच ठरवील. ग्रामसभा घेऊ. सभेने ठराव केला तर घनवन होईल, आणि मग प्रतिकूल अभिप्राय देणाऱ्या अधिकाऱ्याची या कार्यालयाला गरज काय, याचाही विचार करू. सभेने नाकारले तर प्रस्ताव बंद, आणि मॅडम म्हणतील ते खरे. माळ आणि नोकरी, दोन्ही आता एकाच सभेत ठरायचे होते.

सभा पेरणीच्या आधी, सकाळी, ग्रामपंचायतीसमोरच्या मांडवात झाली. मी प्रथम बोललो. वर्गात धडा मांडावा तसा क्रमाने विषय मांडला: सावली, गारवा, पाणी, पाखरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत माझे जुने विद्यार्थी बरेच होते, हेही सांगितले पाहिजे. मग बाई उभ्या राहिल्या. गवताच्या जाती सांगितल्या, चंडोल सांगितला, मुरूम किती उथळ आहे ते सांगितले. दुसऱ्या वाक्यालाच कुजबुज सुरू झाली.

"झाडाले नाही म्हननारी पयली बाई पाह्यली बापा!"

"पगार पर्यावरणाचा घेते, अन् बाजू गवताची घेते."

"मॅडम, घरी तुळस तरी हाय काय?"

दिगांबरभाऊंनी हात वर करून लोकांना गप्प केले आणि हसत म्हणाले, "राजेहो, पाहुण्या बाई हायेत. बोलू द्या." त्या हसण्यानंतर बाईंचे कोणी ऐकणे शक्य नव्हते. सभा संपल्यातच जमा होती.

तेवढ्यात मागून पुंजाजी उठले. पुंजाजी हे माळाला लागून शेत असलेले वयस्क शेतकरी. गावात त्यांच्या शब्दाला वजन होते. येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात नीलगाईंना रोही म्हणतात, आणि सोयाबीन व तुरीवर त्यांचे कळप पडतात. दिवसा हे कळप बहुधा माळावर असतात. माळाला कुंपण घातले तर ते जातील कोठे, हा प्रश्न माझ्या मनात प्रस्ताव लिहितानाच आला होता, आणि या सभेत तो कोणी विचारू नये असे मला मनापासून वाटत होते.

पुंजाजींनी तोच विचारला. "मॅडम, ते गवताचं आमाले काही समजलं नाही. मले एकच सांगा. माळाले तार लागली, तं रोही आमच्या वावरात जास्त येईन काय? व्हय का नाही? तुमी व्हय म्हना, माह्या घरचे अन् आमच्या आळीतले सारे हात खाली ठेवतात."

दिगांबरभाऊंचे हसू ओसरले. साहेब खुर्चीत पुढे सरकले. पुंजाजींच्या मागे निम्मा गाव होता, हे सर्वांना कळत होते. एका शब्दाने माळ वाचणार होता, बाईंची नोकरी वाचणार होती, आणि माझे वर्षभराचे काम संपणार होते. मी बाईंकडे पाहिले. तो शब्द त्यांच्या ओठांवर मला जवळजवळ दिसला.

"पुंजाजीबुवा," त्या म्हणाल्या, "माह्या मनाले वाटते, का येईन. पन मी रोही मोजले नाही. मी गवत मोजलं, पाखरं मोजले. रोह्याचं मले माहीत नाही."

"अंदाजानं सांगा ना मंग."

"अंदाज तं तुमचाबी हाय. माह्या अंदाजाले सरकारी शिक्का हाय म्हनून तुमी विचारून राह्यले. त्या शिक्क्यानं मी व्हय म्हननार नाही."

पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "माहीत नाही तं पगार कायचा भेटते?" आणि मांडव हशाने भरून गेला. पुंजाजी खाली बसले. साहेब लगेच उठले, माइक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी सांगतो! जंगल झाल्यावर रोही जंगलातच राहील. शेतात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही." टाळ्या पडल्या. बाईंनी साहेबांकडे पाहिले. शेजाऱ्याच्या पाटीवर पाहून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडे मी ज्या नजरेने पाहत असे, ती नजर मी ओळखली. ठरावाच्या बाजूने हात वर झाले, त्यात पुंजाजींचाही होता. एका बाजूला उभे असलेले किसनराव तेवढे हात खाली ठेवून होते, पण विरोधाचे हात मोजण्याची वेळ आली तेव्हा ते मेंढ्यांकडे निघून गेले होते.

मी जिंकलो होतो. घरी आल्यावर मला जो आनंद व्हायला हवा होता तो अर्धाच झाला, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल मी बाईंना आजही क्षमा केलेली नाही. जिंकणाऱ्याचा आनंद पुरता होऊ न देणे हाही एक प्रकारचा सूड आहे.

कराराला मुदतवाढ मिळाली नाही. कार्यालयाने निरोपसमारंभ मात्र केला. ज्यांना घालवायचे असते त्यांचा समारंभ आमच्याकडे विशेष आस्थेने होतो. हल्ली पुष्पगुच्छाऐवजी रोप देण्याची पद्धत आहे. आस्थापना विभागाच्या लिपिकाने हेतुपूर्वक निवडले असावे, असे परदेशातून आलेल्या गुलमोहराचे एक रोप साहेबांनी बाईंच्या हातात दिले. छायाचित्र निघाले. टाळ्या झाल्या. समितीच्या वतीने दोन शब्द बोलण्याची विनंती मला झाली.

मी म्हणालो, "खिल्लारे मॅडमचे आणि माझे कधी पटले नाही. माळाबद्दल त्यांचे मत मला पटलेले नाही, पटेल असे वाटत नाही. पण मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आलो, की येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणा, लाजू नका. मुले ते ऐकत, कारण त्यात त्यांचे फारसे काही जात नसे. ज्यात सगळे जाणार आहे, तेथे उभे राहून ‘मला माहीत नाही’ म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझ्या विरुद्ध बाजूला होता, याचे मला वाईट वाटते."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. बाई उत्तराला उठल्या. त्यांचे संपूर्ण भाषण असे: "सर चांगलं बोलले. चुकीच्या जागेवर उभे राहून चांगलं बोलले." आणि त्या बसल्या.

फाटकापर्यंत मी त्यांच्यासोबत गेलो. त्यांच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात ते रोप होते. ऑटोची वाट पाहत असताना मी विचारले, "एक ‘हो’ म्हटले असते तर सगळे वाचले असते. तुम्हाला स्वतःलाही तसेच वाटत होते. मग का नाही म्हटले?"

"मले समजत नव्हतं काय?" त्या एकदम उसळून म्हणाल्या. डोळे भरले होते, आणि ते मला दिसले याचाच त्यांना अधिक राग आला होता. "माळ गेला त्याचं तुमाले काही नाही वाटनार, मले वाटते. रोज वाटते. पन गवताचं खरं सांगाचं अन् रोह्याचं खोटं सांगाचं, हे एका तोंडानं होत नाही सर. एक खोटं निघालं का लोक गवताचंबी खोटंच समजतात."

"ते तर आताही कोणी खरे समजले नाही."

"नाही समजले. पन ते खोटंही नाही झालं."

ऑटो आली. त्यांनी पिशवी आत ठेवली आणि गुलमोहराचे रोप माझ्या हातात कोंबले. "रस्त्याच्या कडेले लावा. माळावर नेलं तं येऊन उपटीन." वाकून नमस्कार नाही, ‘येते’ नाही. ऑटो स्टँडकडे वळली.

घनवन झाले. कुंपण आहे, फलक आहे, रोपे आहेत. काही रोपे धरली, काही जळाली आणि त्यांच्याच खड्ड्यांत दुसरी लावली. मी अजून तेथे जातो. माझे मत अजून बदललेले नाही. उन्हाळ्यात टँकरसाठी मी साहेबांकडे खेटे घालतो, आणि धरलेल्या एखाद्या रोपाला नवी पालवी दिसली की मला बरे वाटते, हे मी लपवत नाही. कुंपणाच्या आतले गवत मात्र मी पाहतो तेव्हा नावाने पाहतो. ही सवय मला त्या बाईंनी लावली, आणि ती लावून घेण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती.

त्यांच्या जागी नंतर कोणाची नेमणूक झाली नाही. बोळीतले टेबलही उचलले. मागल्या हंगामात पुंजाजी मला फाट्यावर भेटले आणि म्हणाले, की तार लागल्यापासून रोही दुपटीने वावरात येऊन राह्यले. मी ही गोष्ट कार्यालयात साहेबांना सांगितली. साहेब म्हणाले, की घनवनामुळे रोह्यांचा उपद्रव निम्म्यावर आला आहे, तसे अहवालातही नमूद केले आहे. दिगांबरभाऊंना विचारले, तर ते म्हणाले, फरक पडलाच नाही, आधी होते तितकेच आहेत. तिघेही अगदी खात्रीने बोलत होते. मोजायला कोणी गेले होते काय, असे मी साहेबांना विचारले, तेव्हा त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "सर, त्याची काय गरज आहे? आपल्याला माहीतच आहे की."